गाईच्या रिपोर्टात 'प्रोटोझोआ' आलंय, म्हणजे नक्की काय झालंय?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. वाळवा तालुक्यातले एक दादा, दावणीला चार संकरित गाई, त्यातली तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन, परदेशी दुधाळ वाणाची) अचानक तापली, दूध १६ लिटरवरनं ५ लिटरवर आलं, तीन दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली तरी ताप काय हटेना. मग रक्त तपासलं तर रिपोर्टात थायलेरिया, आणि डॉक्टर म्हणाले हा प्रोटोझोआ आहे, याला वेगळं इंजेक्शन लागतं. दादांची पोरगी अकरावी सायन्सला, ती म्हणते प्रोटोझोआ म्हणजे अमिबा आणि पॅरामेशियम, ते डबक्यात असतात. तर आता दादा विचारतात, गाईला डबक्यातला अमिबा झाला का? हे जंत का जंतू? यांचे प्रकार तरी किती? आणि शेजाऱ्याच्या गाईचा गोचीड ताप त्याच अँटिबायोटिकनं दोन दिवसांत उतरला, मग माझ्याच गाईला का नाही लागू पडलं?

दादा, शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी आहे, पण त्याचं उत्तर नीट कळायचं तर आधीचे तीन सोडवायला लागतील. मी शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजला शिकलो, आणि आता वीस वर्षांच्या वर सांगली जिल्ह्यात गोठ्यागोठ्यांनी फिरतोय. खिडकीपाशी एक जुना मायक्रोस्कोप आहे, त्याच्यावरच ह्या मंडळींशी माझी रोजची गाठभेट. त्यामुळं जरा लांबण लागेल, वैरण टाकून निवांत वाचा.

जंत आणि जंतू, एका उकाराचा फरक पण माणसं फार गोंधळतात. जंत म्हणजे शेणात दिसतात ते, गोल जंत, पट्टकृमी, यकृतातली चपटी. ते पुष्कळ पेशींचे प्राणी असतात, बहुतेकांना तोंड, आतडं, अंडाशय असे वेगवेगळे अवयव असतात. प्रोटोझोआ त्यातला नाही. त्याचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. पण म्हणून तो बॅक्टेरियाही नाही, आणि इथंच खरी मेख आहे. बॅक्टेरियाच्या पेशीत केंद्रक नसतं, डीएनए नुसता आत मोकळा पडलेला असतो, आणि बाहेरनं बहुतेकांना एक कडक भिंत असते. प्रोटोझोआच्या पेशीत व्यवस्थित केंद्रक असतं, बहुतेकांत ऊर्जेचे कारखाने असतात, म्हणजे ती पेशी आपल्या पेशीसारखीच, गाईच्या पेशीसारखीच. बॅक्टेरियाशी तिचं नातं लांबचं, आपल्याशी जवळचं. हे डोक्यात ठेवा, औषधाच्या भानगडीत पुन्हा लागणार आहे.

एका पेशीत सगळा संसार कसा चालतो हे बघायचं तर पॅरामेशियमच बघावा. खायला एका बाजूला खाच, तिथनं बॅक्टेरिया आत ओढायचे, आत पिशवी करून पचवायचे, उरलेलं ठराविक जागेतनं बाहेर टाकायचं, आणि गोड्या पाण्यात राहिल्यामुळं जे पाणी सारखं आत मुरत असतं ते उपसायला दोन छोटे पंप. मायक्रोस्कोपखाली ते पंप फुगताना आणि मिटताना दिसतात, मला तर विहिरीवरच्या मोटारीचीच आठवण होते. हा प्राणी मिलिमीटरच्या चौथाईच्या आसपास, उजेडाकडं धरला तर नुसत्या डोळ्यालाही पांढरा ठिपका सरकताना दिसतो. मोठा अमिबा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो. आणि तुमच्या गाईतला थायलेरिया? गाईची तांबडी पेशी साधारण साडेपाच मायक्रॉनची, आणि हा बाबा त्या पेशीच्या आत बसलेला असतो, एक-दोन मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे एकाच नावाखाली किती लहानमोठी खोंडं जुंपलीत बघा.

हे पहिल्यांदा माणसाला दिसले १६७४ च्या सुमाराला. हॉलंडमधला लेवेनहूक, कापडाचा व्यापारी माणूस, स्वतः घासलेल्या भिंगातनं तळ्याचं पाणी बघत बसायचा. १६८१ मध्ये स्वतःला हगवण लागली तर त्यानं तेही भिंगाखाली घातलं आणि त्यात जे पळताना दिसलं ते जिआर्डिया असावं असं आज मानतात. प्रोटोझोआ हे नाव मात्र १८१८ मध्ये गोल्डफुस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं, अर्थ पहिले प्राणी, आपल्या मराठी पुस्तकात म्हणूनच आदिजीव म्हणतात.

आता प्रकार. पोरीच्या पुस्तकात चार असतील आणि ते चालण्यावरनं पाडलेत. अंगातलाच रस पुढं ढकलून खोटे पाय काढत सरकणारा तो अमिबाचा गट. चाबकासारखी एक किंवा अनेक शेपटं हलवत पोहणारा तो कशाभिकांचा गट, त्यात युग्लिना, जिआर्डिया, ट्रिपॅनोसोमा. अंगभर बारीक केसांचं वल्हं असणारा तो पॅरामेशियमचा गट. आणि चौथा, ज्याला पाय नाहीत, चाबूक नाही, केस नाहीत, जो दुसऱ्याच्या पेशीत घुसूनच जगतो, तो स्पोरोझोआ, मलेरियाचा प्लाझमोडियम त्यातला. तुमच्या गाईतला थायलेरियाही ह्या चौथ्यातलाच. त्यामुळं पोरीला सांगा, तू म्हणतेस ते बरोबर आहे, फक्त तू पहिल्या आणि तिसऱ्या घरातली माणसं सांगितलीस, गाईकडं चौथ्या घरातला पाहुणा आलाय.

ह्या चार गटांची वाटणी परीक्षेपुरती ठीक आहे, पण डीएनए बघायला लागल्यापासनं ती बरीच मोडलीय. हिरवा युग्लिना जो डबक्यात ऊन खाऊन जगतो आणि घोड्याच्या रक्तात फिरणारा ट्रिपॅनोसोमा हे जवळचे भाऊबंद निघाले. आणि त्याहून गंमत म्हणजे केसाळ पॅरामेशियम आणि बिनापायाचा मलेरियाचा परजीवी हे चुलत घराणं निघालं, दोघांच्या कातडीखाली सारख्याच चपट्या पिशव्यांचा थर असतो. म्हणजे कसा चालतो यावरनं सोयरीक जुळवायला गेलं की फसायला होतं. मी स्वतः गोठ्यात उभा असताना हे चार गट मनात आणतच नाही. मी एकच विचारतो, हा आत आला कुठनं. गोचिडीतनं आला, माशीतनं आला, तोंडातनं आला, का वळूकडनं आला. वाट कळली की औषध कळतं, आणि मुख्य म्हणजे बाकीच्या तीन गाईंचं काय करायचं ते कळतं.

गोचिडीपासनंच सुरू करतो.

आपल्याकडं गोचीड ताप हा एकच शब्द आहे पण त्यात तीन वेगळे रोग कोंबलेत. थायलेरिया, बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा. तिन्ही गोचिडीनं येतात, तिन्हींत ताप, दूध बंद, रक्त कमी. पण पहिले दोन प्रोटोझोआ आणि तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मा चक्क बॅक्टेरिया. आता तुमच्या शेजाऱ्याचं कोडं सुटलं बघा. त्यांच्या गाईला बहुतेक अ‍ॅनाप्लाझ्मा असणार, त्याला टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक लागू पडतं, म्हणून दोन दिवसांत गाय उठली. नाव एक, आणणारी गोचीडच, पण आतला चोर वेगळा. रक्त न बघता 'त्याला लागू पडलं ना मग मलाही तेच मारा' म्हणणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात, आणि खोटं कशाला बोलू, घाईच्या दिवसांत आम्ही डॉक्टर लोकही तसंच करतो.

थायलेरियाचं वागणं एवढं विचित्र आहे की मला त्याच्याबद्दल राग आणि कौतुक दोन्ही वाटतं. त्याला आणणारी गोचीड म्हणजे हायलोमा, पाय लांब आणि पायावर पांढरे-तपकिरी पट्टे, हातात घेऊन बघा लगेच ओळखू येते. ती चावली की थुंकीतनं परजीवी आत येतो आणि तो आधी तांबड्या पेशीत जात नाही, तो जातो पांढऱ्या पेशीत. म्हणजे चोर थेट पोलीस चौकीत जाऊन बसतो. आणि बसून नुसता गप्प राहत नाही, त्या पांढऱ्या पेशीला तो वेड लावतो, कॅन्सरच्या पेशीसारखी ती भराभर वाढायला लागते आणि ती दुभंगली की हाही तिच्याबरोबर दुभंगून दोन्हीकडं वाटला जातो. म्हणून गाईच्या खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी पेरूएवढी होते. औषधानं परजीवी मेला की ती पेशी परत ताळ्यावर येते, असं उलटं फिरणारं कॅन्सरसारखं प्रकरण विरळाच, त्यामुळं कॅन्सरवर काम करणारे शास्त्रज्ञसुद्धा थायलेरियाच्या मागं लागलेत. पांढऱ्या पेशीतनं बाहेर पडले की मग ते तांबड्या पेशीत शिरतात, तिथं कधी अंगठीसारखे, कधी स्वल्पविरामासारखे दिसतात. तोवर गाईच्या डोळ्याची आतली कातडी पांढरी पडलेली असते, कधी पिवळी, ताप १०५-१०६, धापा टाकत उभी असते.

आता तपासणी कशी होते तेही सांगतो, कारण रिपोर्टवर विश्वास किती ठेवायचा ते त्यावर ठरतं. कानाच्या कडेची बारीक शीर टोचायची, पहिला थेंब पुसायचा, दुसरा काचपट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीच्या कडेनं एका दमात पुढं ओढायचा. थर असा पातळ पाहिजे की पुढच्या टोकाला काच जवळजवळ मोकळी दिसली पाहिजे. वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा, मग जिम्साचा रंग, अर्धा-पाऊण तास. मग तेलाचा थेंब टाकून १०० च्या भिंगाखाली. तांबड्या पेशी फिकट गुलाबी दिसतात आणि आत थायलेरिया निळसर, त्यात जांभळा-लाल ठिपका. अडचण अशी की रंग नीट गाळला नसेल तर रंगाचाच कण पेशीवर पडून हुबेहूब तसा दिसतो. त्याची खूण एकच, भिंग वर-खाली केलं की रंगाचा कण चमकतो आणि पेशीच्या वरच्या पातळीवर राहतो, आतला परजीवी पेशीबरोबरच स्पष्ट होतो आणि पेशीबरोबरच पुसट होतो. आणि सुरुवातीच्या दिवसांत, म्हणजे गाठ सुजलीय पण रक्त अजून लाल आहे तेव्हा, रक्तात काही सापडतच नाही. तेव्हा त्या गाठीत सुई घालून थेंबभर रस काढून बघायला लागतो. रक्त निगेटिव्ह आलं म्हणून थायलेरिया नाही असं म्हणून बसू नये.

औषध म्हणजे बुपारव्हाक्वोन, किलोला अडीच मिलिग्रॅम, मांसात, शिरेत नाही. वजन अंदाजानं कमी धरून अर्धी बाटली मारायची आणि अर्धी दुसऱ्या गाईला ठेवायची हा प्रकार करू नका, महाग आहे हे मलाही कळतं, पण अर्ध्या डोसनं परजीवी मरत नाही आणि पैसे मात्र जातात. ते औषध परजीवीच्या ऊर्जेच्या कारखान्यावर घाव घालतं. पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिक काय करतं, तर बॅक्टेरियाची ती कडक भिंत बांधू देत नाही. आता थायलेरियाला ती भिंतच नाही, मग पाडणार काय! टेट्रासायक्लिन त्याला सुरुवातीला थोडं दाबतं हे खरं, कारण ह्या घराण्याच्या पोटात एक जुना वारसा आहे, पूर्वी कधीतरी गिळलेल्या शेवाळाच्या हिरव्या कारखान्याचा वाळलेला अवशेष, आणि तो मुळात बॅक्टेरियाचाच वंशज. पण पेटलेल्या रोगावर ते पुरत नाही, तुमच्या गाईचे तीन दिवस त्यातच गेले. गाय वाचली तर काही दिवस अशक्त राहील, रक्त भरून यायला वेळ लागतो. रक्त फारच कमी असेल तर दुसऱ्या तगड्या जनावराचं रक्त चढवतात, गाईला आयुष्यात पहिल्यांदा चढवताना सहसा गट जुळवायची कटकट येत नाही. आणि बरी झालेली गायसुद्धा रक्तात थोडे परजीवी बाळगून असते, तिच्यावर जगलेली गोचीड पुढच्या गाईला देऊ शकते. हे औषध चालू असताना दूध किती दिवस वापरायचं नाही ते लेबलवर असतं, ते पाळा. दूध पिऊन घरातल्यांना थायलेरिया होत नाही, ती भीती काढून टाका.

बबेसियाची वाट वेगळी. त्याची गोचीड म्हणजे ती निळसर-राखाडी, रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी टम्म होणारी, आपण नेहमी बघतो ती. ही लहानपणापासनं म्हातारपणापर्यंत एकाच जनावरावर राहते, फक्त अंडी घालायला खाली पडते. मग रोग दुसऱ्या जनावराकडं जातो कसा? तर अंड्यातनं. आजारी गाईचं रक्त प्यालेल्या गोचिडीची पिल्लं जन्मतःच बबेसिया घेऊन येतात. हे कोडं अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी सोडवलं, १८९३ मध्ये छापून आलं, आणि किड्यासारख्या प्राण्यातनं रोग पसरतो याचा तो पहिल्या पक्क्या पुराव्यांपैकी एक. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला तो त्यानंतर, २० ऑगस्ट १८९७ ला. म्हणजे माणसाच्या डॉक्टरांच्या आधी आमच्या गोठ्यातनंच हा धडा निघाला, हे मी माणसांच्या डॉक्टर मित्रांना चहा पिताना आवर्जून ऐकवतो.

बबेसिया तांबड्या पेशीतच वाढतो, नाशपतीसारखे दोन-दोन जोडीनं बसलेले, आणि पेशी फोडूनच बाहेर येतो. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतनं जातो, म्हणून लाल लघवी, पुढं कॉफीसारखी. इथं माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तासगाव तालुक्यात एक म्हैस, वीसेक दिवसांची ओली, लघवी काळपट लाल. अंगावर दोन-चार गोचिडी दिसल्या, मी म्हटलं झालं, बबेसिया, आणि त्याचं इंजेक्शन मारून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी म्हैस आणखी खाली. मालक म्हणाला, "डागदर, लघवी तर आजून काळी व्हायली." मी माझ्या सरांना फोन केला, त्यांनी एकच विचारलं, ताप किती होता? आणि थर्मामीटर माझ्या खिशात तसाच. लावला तर १०१, ताप नाहीच. म्हशीला बबेसिया नव्हताच, विल्यानंतर रक्तातलं फॉस्फरस खाली गेलं की तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी अशीच लाल होते. फॉस्फरस शिरेतनं दिलं, म्हैस वाचली. पण त्या घरातनं मला परत कधी बोलावणं आलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासनं लाल लघवी दिसली की आधी थर्मामीटर, मग रक्त, मग औषध.

दोन्ही गोचिडींतला फरक कळला तर बाकीच्या तीन गाईंचं काय करायचं ते आपोआप कळतं. निळी गोचीड जनावरावरच असते, तिला जनावरावरच गाठता येतं. हायलोमा तसं नाही, ती रक्त पिऊन उतरते आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या दगडांच्या सांध्यात, खुंट्याच्या बुडाशी जाऊन कात टाकते. तुम्ही गाईला कितीही फवारा, ती भेगेत निवांत बसलेली. संध्याकाळी बॅटरी घेऊन भेगेत उजेड पाडून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय. भेगा सिमेंटनं बुजवा, भिंतीवर औषध मारा, दर वेळी तेच औषध वापरू नका, आणि दोन-चार देशी कोंबड्या गोठ्यात फिरू द्या, त्या वेचून खातात. आणखी एक गोष्ट फायद्याची आहे, हायलोमा चिकटल्या चिकटल्या रोग देत नाही, तिच्या थुंकीतला परजीवी तयार व्हायला दोनेक दिवस लागतात. म्हणून रोज धार काढताना कास, मांडीचा जांघाडा आणि कानाच्या आतनं हात फिरवला तरी बराच धोका टळतो. फक्त हातानं चिरडू नका, गोचिडीतनं माणसाला होणारेही रोग आहेत, चिमट्यानं काढा आणि रॉकेलमध्ये टाका.

लस आहे का, तर थायलेरियाची आहे. पांढऱ्या पेशींत वाढवून दुबळा केलेला जिवंत परजीवीच त्यात असतो, म्हणून ती कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसारखी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायला लागते. कालवडींना देऊन ठेवलेली बरी, गाभण गाईचं डॉक्टरांना विचारूनच. आमच्या खिलारला ह्याचा त्रास बराच कमी होतो, पिढ्यान्‌पिढ्या गोचिडीबरोबर राहून त्यांचं अंग सरावलंय. एचएफ आपण दुधासाठी आणली, पण तिच्या आज्यापणज्यांनी हायलोमा बघितलीच नव्हती.

माशीतनं येणारा म्हणजे सर्रा, वर सांगितलेल्या ट्रिपॅनोसोमाचा रोग. हा पेशीच्या आत घुसत नाही, रक्तात मोकळा पोहतो. ओल्या रक्ताचा थेंब काचेवर ठेवला की तांबड्या पेशी मध्येच हिसके खाताना दिसतात, जशी गर्दीत कोणी कोपरानं वाट काढतंय, आणि नीट बघितलं की तो सापासारखा वळवळताना सापडतो. मी पहिल्यांदा घोड्याच्या रक्तात बघितला तेव्हा दहा मिनिटं डोळा काढला नव्हता. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्यानं तो १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथं घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधला, तेव्हाच्या पंजाबात. पसरवते ती मोठी चावरी घोडमाशी, पावसाळ्यात आणि नंतर जास्त. तिच्या पोटात हा वाढत नाही, ती नुसती रक्ताळलेली सोंड एका जनावरातनं काढून दुसऱ्यात घालते. म्हणजे जे माशी करते तेच आपली सुई करते! एकाच सुईनं अख्ख्या दावणीला इंजेक्शन देणारा कोणी असेल तर त्याला थांबवा, भले तो मीच असेन. सर्रा माणसाला होत नाही असंच आम्हाला शिकवलेलं, कारण आपल्या रक्तात त्याला मारणारं एक प्रथिन असतं. पण २००४ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, तपासल्यावर कळलं की त्याच्यात ते प्रथिनच नव्हतं. उपचारानं तो बरा झाला.

तोंडातनं येणारे तर पुष्कळ. विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना कॉक्सिडिया सांगायला नको, ओल्या तुसात त्याच्या अंड्या पिकतात, कोंबडी टोचून खाते, आणि रक्ताची हगवण सुरू. तूस कोरडा ठेवला तर निम्मं दुखणं तिथंच संपतं. वासरांनाही त्याच घराण्यातला होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या वासराला पाण्यासारखी हगवण लागली तर क्रिप्टोस्पोरिडियम डोक्यात ठेवा, तो माणसालाही होतो, वासरू हाताळल्यावर साबणानं हात धुवा. त्याच्या अंडीचं कवच एवढं चिवट की नळाच्या पाण्यात जेवढं क्लोरीन घालतात त्याला ते जुमानत नाही, १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातनं चार लाख माणसं आजारी पडली होती.

आणि मग माणसाचा तो आवेचा अमिबा, पोरीच्या पुस्तकातल्याचा लांबचा भाऊ. पुस्तकातला तो डबक्यातला अमिबा बिचारा कोणाच्या वाटंला जात नाही. आतड्यातला वेगळा, तो घट्ट कवचाची गोळी होऊन माणसाच्या मैल्यात पडतो आणि पाण्यातनं, न धुतलेल्या भाजीतनं परत तोंडात येतो. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी गावात शिरलं, विहिरी गढूळ झाल्या, तेव्हा आम्ही घरात पाणी उकळूनच पीत होतो. उकळलं की हे सगळे मरतात, क्रिप्टोसुद्धा.

वळूकडनं येणारा ट्रायकोमोनास आता फारसा बघायला मिळत नाही, कृत्रिम रेतनानं त्याचं कंबरडं मोडलं. गावचा वळू सगळीकडं फिरत असेल आणि गाई पुन्हा पुन्हा उलटत असतील तर मात्र विचार करावा. जत-आटपाडीकडं मेंढ्या गाभडतात त्यात मांजराच्या विष्ठेतनं येणारा टॉक्सोप्लाझ्मा असू शकतो, गाभडलेला गर्भ उघड्या हातानं उचलू नये, घरात गर्भवती बाई असेल तर तिला त्यापासनं लांबच ठेवा.

एवढं वाचून प्रोटोझोआ म्हणजे सगळे चोरच असं वाटेल, तर दादा, तुमच्या गाईच्या पोटात ह्या घडीला अब्जावधी प्रोटोझोआ आहेत आणि ते तिचे मजूर आहेत. रवंथाच्या मोठ्या पोटातल्या एका मिलिलिटर पाण्यात लाखभर ते दहा लाख, बहुतेक सगळे केसाळ, पॅरामेशियमच्या गटातले. १८४३ मध्ये ग्रुबी आणि डेलाफोंड यांनी पहिल्यांदा बघितले. ते चारा पचवतात, पेंडीतला स्टार्च दाणे दाणे गिळून ठेवतात त्यामुळं पोटात एकदम आम्ल होत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात एकही नसतो, आई चाटते, तिची लाळ लागते, त्यातनं ते जातात. एकदम वेगळं ठेवून वाढवलेल्या वासरात ते येतच नाहीत, जगतं ते तरीही, पण मला आपली आईनं चाटलेली वासरंच बरी वाटतात.

लग्नसराईत मला ह्या मजुरांची हमखास आठवण होते. मांडवातला उरलेला भात, बुंदी, जिलेबी पाटीभर आणून गाईपुढं ओतायची, वाया कशाला घालवायचं म्हणून. रात्री गाय आडवी. नळी घालून पोटातला रस काढला की वास आंबट, आणि मायक्रोस्कोपखाली सगळे मेलेले, एकही हलत नाही. निरोगी गाईच्या थेंबात मात्र अशी झुंबड की जत्रेत वरनं बघावं. उपचारात आम्ही निरोगी गाईच्या पोटातला रस काढून गाळून आजारी गाईला पाजतो, जुनी माणसंही चांगल्या जनावराच्या तोंडातली रवंथ काढून आजाऱ्याला चारायची, त्यांना प्रोटोझोआ माहीत नव्हता पण इलाज तोच.

तर पोरीला डबक्यातला अमिबा शोधायला पाठवू नका, सापडायला अवघड असतो आणि पोरं वैतागतात. बरणीत उकळून गार केलेलं पाणी, त्यात मूठभर कडबा किंवा वाळलेलं गवत, वरनं पळीभर तळ्याचं पाणी, सावलीत आठवडाभर. पाणी गढूळ झालं आणि वर साय धरली की त्या सायीच्या खालचा थेंब घ्यायचा, पॅरामेशियम मिळणारच. आणि जवळपास कुठल्या डॉक्टरकडं गाईच्या पोटातला रस काढायचं काम निघालं तर अर्धा कप मागून घ्या, पण थर्मासमध्ये, आधी गरम पाण्यानं थर्मास धुवून. गार पडला की तासाभरात ते थिजून बसतात आणि मग कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली नुसता गाळ दिसेल.